लाल त्रिकोण काय सांगतो?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी लोणच्याच्या, कोणी शिवणाच्या चार गोष्टी सांगते. मी आज फोनविषयी बोलणार आहे. मी काही तज्ज्ञ नव्हे; आमच्या घरी हात पोळले, म्हणून बोलते.

'माझी लाडकी बहीण' योजनेची ई-केवायसी २०२५ च्या सप्टेंबरात सुरू झाली व दिवाळीनंतरही चालू होती. आमच्या जाऊबाईंचा फोन नुकताच दुरुस्त होऊन आला होता. सरकारी पान उघडताच लाल त्रिकोण आला आणि खाली अक्षरे उमटली, 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही.' चारदा करून पाहिले, तेच. पानच बिघडले असे समजून मी माझा फोन त्यांच्या हाती दिला. त्यावर व्हॉट्सॲपवरून आलेला एक दुवा होता. तो मुकाट्याने उघडला. त्यांनी कार्डाचा क्रमांक घातला, ओटीपीही घातला. कापसाच्या पहिल्या चुकाऱ्यातले १८,००० रुपये गेले! त्याच रात्री १९३० या क्रमांकावर तक्रार केली, म्हणून थोडे थांबले, बाकीचे गेलेच.

पुढे उलगडा झाला, तो असा. त्रिकोण दाखवणारे पान खरे होते, आणि गुमान उघडलेले पान चोराचे!

असे कसे झाले? तहसील कचेरीतून आपण दाखला आणतो, तसा प्रत्येक संकेतस्थळाजवळ आपल्या नावाचा दाखला असतो. त्यावर मुदत असते; २०२० मध्ये तिची कमाल मर्यादा साधारण तेरा महिन्यांवर आणली गेली. ब्राउझर दर वेळी तो दाखला तपासतो. दाखले देणाराकडूनही चूक होते. २०१४ च्या जुलैत आपल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या यंत्रणेतून गूगलच्या नावाचे दाखले परवानगीवाचून निघाल्याचे उघडकीस आले व ते रद्द करावे लागले. तेव्हा ही तपासणी उगाच नव्हे.

जाऊबाईंचा फोन दुरुस्तीनंतर २०१९ सालात वावरत होता. त्याच्या लेखी त्या दाखल्याची मुदत सुरूच झाली नव्हती. 'तारीख व वेळ आपोआप' एवढे लावले आणि त्रिकोण गेला.

वीज गेली की आपण आधी शेजारी दिवा आहे का ते पाहतो. इथेही तेच करावे. सगळ्याच पानांवर इशारा येतो? मग घड्याळ पाहा. फोन फार जुना असला, तर त्याला नवे दाखले ओळखताच येत नाहीत. तो अद्ययावत करून घ्या. बसस्थानकावरच्या किंवा हॉटेलातल्या वायफायवर येतो? ते बंद करून स्वतःच्या डेटावर पान उघडा. एकच पान, पण सगळ्यांच्या फोनवर अडते? मग दाखल्याची मुदत त्यांनीच संपू दिली असेल. तो दोष आपला नव्हे. थांबावे, नाहीतर केंद्रावर जावे. पण 'तरीही पुढे जा' असे म्हणून तिथे पासवर्ड, आधार क्रमांक वा ओटीपी कधीही घालू नये.

आता दुसरी बाजू. इशारा आला नाही, म्हणजे पान प्रामाणिक, असे नव्हे. दाखला चोरालाही स्वतःच्या पानाच्या नावाने मिळतो. बोलणे तिसऱ्याला ऐकू जात नाही, एवढेच त्याने कळते. बोलतो कोणाशी, हे आपणच पाहावयाचे. पत्रावर आपण गाव, तालुका आणि शेवटी 'जि. यवतमाळ' लिहितो. संकेतस्थळाचा पत्ताही पहिल्या तिरप्या रेघेच्या अलीकडे, शेवटाकडून वाचावा. लाडकी बहीण योजनेचे पान असेल, तर तिथे शेवटी 'महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन' हवे. आमच्या त्या दुव्यात 'महाराष्ट्र' सुरुवातीला होते, शेवट भलताच होता. एवढे वाचले असते, तर जाऊबाईंचा चुकारा वाचला असता. त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. ते मला अधिक लागले.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपला फोन आणावा. घड्याळ तपासू, पत्ता वाचावयास शिकू. पाच मिनिटांचे काम आहे. आणि कोणी फसली असेल, तर लाजून गप्प बसू नये. लगेच १९३० लावावा. जितका उशीर, तितके पैसे दूर.