वादाचा विषय आणि विकासाचा विचार

(महाविद्यालयीन वादविवाद मंडळाच्या नव्या सदस्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



वादविवाद मंडळात नव्याने दाखल होणारा विद्यार्थी सहसा आवाज, उच्चार आणि सभाधीटपणा यांची चिंता करतो. प्रत्यक्षात चार-दोन सभा झाल्या की मंडळाला टंचाई जाणवू लागते ती विषयांची. शाळेपासून परिचित असलेले ‘विज्ञान : शाप की वरदान’ किंवा ‘लेखणी श्रेष्ठ की तलवार’ हे विषय पुन:पुन्हा घेतले जातात. टाळ्या पडतात, पारितोषिके वाटली जातात आणि श्रोता जे मत घेऊन आला तेच घेऊन परततो. २०२० च्या टाळेबंदीत अनेक मंडळांच्या सभा संगणकाच्या पडद्यावर भरू लागल्या. त्यामुळे गडचिरोलीचा विद्यार्थी आणि गुवाहाटीची विद्यार्थिनी एकाच चर्चेत भाग घेऊ शकतात. अंतराची अडचण कमी झाली; विषयाची मात्र तशीच राहिली.

हा प्रश्न केवळ स्पर्धांपुरता मर्यादित नाही. ज्या बाबीवर समाज वाद घालत नाही, त्या बाबीवरील निर्णय थांबून राहत नाही. तो चर्चेविना घेतला जातो आणि त्याची किंमत बहुधा ज्यांचा आवाज क्षीण आहे, त्यांना मोजावी लागते. म्हणूनच विषयाची निवड हा विकासाच्या प्रक्रियेचाच एक भाग मानला पाहिजे.

परंपरेतील तीन प्रकार

भारतीय तर्कशास्त्राने या बाबीचा सूक्ष्म विचार केलेला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्यनिर्णयासाठी होणारी चर्चा म्हणजे वाद. जिंकणे हेच ज्यात उद्दिष्ट असते आणि त्यासाठी शब्दच्छलही वर्ज्य मानला जात नाही, तो जल्प. स्वत:चा कोणताही पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करणे म्हणजे वितंडा. मराठीत ‘वितंडवाद’ हा शब्द आजही निंदाव्यंजक अर्थाने रूढ आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पूर्वपक्ष म्हणून नीट मांडावे आणि मगच उत्तरपक्षाकडे वळावे, ही शास्त्रग्रंथांची रीतही सर्वपरिचित आहे. विषयच असा असेल की त्याचा निर्णय कधी होणे शक्य नाही, तर वादाचे रूपांतर जल्पात होण्यास वेळ लागत नाही.

सभेतून शाळेकडे

विषय योग्य असेल तर सभा किती दूरवर जाऊ शकते, याचे उदाहरण मुंबईत सापडते. एल्फिन्स्टन संस्थेच्या विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी १८४८ साली स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली. तरुण दादाभाई नौरोजी तिच्या प्रमुख कार्यकर्त्यांपैकी एक होते. तेथे निबंध वाचले जात व त्यांवर चर्चा होई. स्त्रीशिक्षण हा चर्चेचा विषय झाला, तेव्हा सदस्य केवळ मतप्रदर्शनावर थांबले नाहीत. १८४९ साली त्यांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि आरंभी स्वत:च तेथे विनावेतन शिकवले. पुण्यात १८७० साली सार्वजनिक सभा आणि १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने शेतसारा, दुष्काळ आणि उद्योग हे लोकचर्चेचे विषय बनले.

विषयाच्या तीन कसोट्या

या अनुभवांवरून तीन कसोट्या सांगता येतात. पहिली, दोन्ही बाजूंना काहीतरी सोडावे लागत असले पाहिजे. साधनसामग्री मर्यादित आणि गरजा अनेक, हे अर्थशास्त्राचे मूळ गृहीतक आहे. एक पर्याय स्वीकारला की दुसऱ्याचा लाभ गमवावा लागतो. ‘पाणी आवश्यक आहे काय?’ हा वादाचा विषय होऊ शकत नाही. ‘धरणाचे पाणी टंचाईच्या वर्षी आधी उसाला द्यावे की ज्वारीला?’ हा होऊ शकतो. दुसरी कसोटी पुराव्याची : आकडे, कायदे वा अनुभव यांच्या आधारे विधाने पडताळता आली पाहिजेत. तिसरी कसोटी निर्णयाची : ग्रामपंचायत, महापालिका, विधानसभा, संसद किंवा स्वत: मंडळ, यांपैकी कोणाला तरी त्या प्रश्नावर काही करता आले पाहिजे.

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेवरील वाद

या तिन्ही कसोट्यांना उतरलेला वाद भारताने १९५५-५६ मध्ये अनुभवला. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत (१९५६-६१) प्रा. महालनोबीस यांच्या प्रतिमानानुसार अवजड उद्योगांवर भर होता. सार्वजनिक क्षेत्राचा खर्च ४,८०० कोटी रुपये आणि त्यात १,२०० कोटींचा तुटीचा अर्थभरणा प्रस्तावित होता. अर्थतज्ज्ञांच्या मंडळातील प्रा. बी. आर. शेणॉय यांनी स्वतंत्र भिन्नमतपत्रिका जोडून या अर्थभरण्यामुळे भाववाढीचा धोका असल्याचे सांगितले. मुंबई विद्यापीठाचे प्रा. सी. एन. वकील व प्रा. पी. आर. ब्रह्मानंद यांनी अन्नधान्य, कापड यांसारख्या वेतनवस्तूंच्या पुरवठ्याला अग्रक्रम द्यावा, अशी मांडणी केली. मजुराच्या ताटात अन्न नसेल तर अतिरिक्त मनुष्यबळ उत्पादक कामाला लावता येणार नाही, हे तिचे सार होते.

पुढे परकीय चलनाची तीव्र टंचाई निर्माण झाली आणि धान्याच्या आयातीवरील अवलंबित्व वाढले. दुसरीकडे भिलाई, राउरकेला आणि दुर्गापूरचे पोलाद कारखानेही याच काळात उभे राहिले. दोन्ही पक्षांजवळ तथ्य होते, म्हणूनच हा वाद आजही अभ्यासनीय आहे. यातील कोणाही अर्थतज्ज्ञाने प्रतिपक्षाच्या हेतूंवर संशय घेण्यात शक्ती खर्च केली असती, तर पुढील पिढ्यांच्या हाती काहीच राहिले नसते.

विषय कोठे शोधावेत

विषयांसाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. अर्थसंकल्प, आर्थिक पाहणी, महापालिकेचे अंदाजपत्रक आणि ग्रामपंचायत विकास आराखडा ही विषयांची अक्षय कोठारे आहेत. उदाहरणार्थ, पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या कालावधीसाठी ग्रामीण स्थानिक संस्थांच्या मूळ अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पेयजल व स्वच्छतेशी बांधून दिली होती. ४० टक्के रक्कम स्थानिक गरजांसाठी मोकळी होती. गावाला अधिक स्वातंत्र्य द्यावे की राष्ट्रीय अग्रक्रमांसाठी निधी बांधून ठेवावा, या एका प्रश्नावर मंडळाच्या कितीतरी सभा होऊ शकतील. पाणी आणि शौचालये मागे पडण्याची भीती एका बाजूला, तर प्रत्येक गावाची निकड वेगळी असते हे वास्तव दुसऱ्या बाजूला आहे.

संविधानाच्या ७३ व्या दुरुस्तीने १९९३ पासून ग्रामसभेला घटनात्मक स्थान मिळाले. परंतु सभा भरणे आणि सभेत वाद होणे या भिन्न गोष्टी आहेत. विषयपत्रिका आधी समजली नाही, कागद पाहावयास मिळाले नाहीत, तर उपस्थितांच्या वाट्याला हात वर करण्यापलीकडे काही येत नाही.

मेंढा (लेखा) येथील अभ्यासगट

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासी गावाने यावर मार्ग काढला. तेथे अभ्यासगट आणि ग्रामसभा यांची कामे वेगळी ठेवण्यात आली. अभ्यासगटात जंगल, कायदा, बांबू अशा विषयांची माहिती घेऊन मोकळी चर्चा करावयाची; तेथे निर्णय घ्यावयाचा नाही. निर्णय ग्रामसभेत आणि तोही सर्वसहमतीने घ्यावयाचा. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या कार्याशी जोडली गेली आहेत. २००६ च्या वन हक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. कायद्याची कलमे समजून घेऊन वाद घालण्याची सवय नसती, तर कागदावरचा हक्क प्रत्यक्षात उतरणे कठीण होते.

मंडळाची शिस्त

नव्या सदस्यांनी काही साधे नियम पाळणे हितावह ठरेल. पहिल्या एक-दोन सभांत ऐकण्यावर भर द्यावा. बोलताना प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत आधी सांगावे. कोणती बाजू मांडावयाची हे अधूनमधून चिठ्ठी टाकून ठरवावे, म्हणजे स्वत:च्या मताविरुद्धचे पुरावे शोधण्याची सवय लागते. प्रत्येक आकड्यासोबत त्याचे वर्ष व उगम सांगावा. सभेअखेर कोणत्या मुद्द्यावर मतैक्य झाले आणि कोठे माहिती अपुरी पडली, याची नोंद ठेवावी. ही अपुरी माहितीच पुष्कळदा पुढील सभेचा विषय सुचवते.

तर्क कोणत्या प्रश्नासाठी वापरावा, याची जाण मंडळाने आपल्या सदस्यांत रुजवावी. ज्या विद्यार्थ्याने उसाची आणि ज्वारीची, दोन्ही बाजू प्रामाणिकपणे मांडल्या आहेत, तो उद्या ग्रामसभेत, नगरपरिषदेत किंवा शासकीय सेवेत बसेल, तेव्हा समोर अनुपस्थित असलेल्या शेतकऱ्याचीही बाजू त्याला आठवेल. विकासाच्या निर्णयांना अशा स्मरणाची नितांत गरज आहे.