शब्दांना स्वतःचें घर

हिंगोली जिल्ह्यांतील नरसी हें गांव परंपरेनें संत नामदेवांचें जन्मस्थान मानलें जातें. पण नामदेवांची वाणी गांवच्या शिवेंत राहिली नाहीं. शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबांत त्यांचीं ६१ पदें आहेत. इकडे महाराष्ट्रांत वारकऱ्यांनीं त्यांचे अभंग कंठांत आणि वह्यांत जपले. एकाच कोठारावर विसंबून ही वाणी टिकलेली नाहीं.

आजचा लेखक मात्र आपले शब्द बहुधा परक्याच्या ओसरीवर ठेवून निश्चिंत होतो. समाजमाध्यमांवर एकाखालीं एक टिपणें जोडून विषय मांडण्याची रीत आहे. अशा मालिकेस ‘थ्रेड’ म्हणतात. समजा, हिंगोलीच्या एखाद्या शिक्षकानें औंढा नागनाथच्या मंदिरावरील शिल्पांविषयीं अशीं वीस टिपणें लिहिलीं. दोन दिवस तीं वाचलीं जातील, मग नव्या मजकुराच्या लोंढ्याखालीं दिसेनाशीं होतील. आणि जागेच्या मालकानें दुकानच आवरलें तर? ही शंका पोकळ नाहीं. ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्यें आणि गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्यें बंद झालें.

यावर उपाय आहे. स्वतःच्या नांवाचें संकेतस्थळ घ्यावें आणि आपण भाड्यानें घेतलेल्या सर्व्हरवर एक लहानशी आज्ञावली बसवावी. मालिकेच्या पहिल्या टिपणाचा पत्ता दिला कीं ती माध्यमाच्या ठरलेल्या द्वारांतून सर्व टिपणें मागविते, क्रमानें गुंफते आणि सलग लेखाप्रमाणें मांडते. मॅस्टोडॉन व ब्लूस्काय येथें हें द्वार सार्वजनिक मजकुरापुरतें बहुतांशीं मोकळें आहे. ट्विटरनें, म्हणजे आतांच्या ‘एक्स’नें, वाचनाचा जुना विनामूल्य मार्ग २०२३ मध्यें बंद केला, तेथें आपल्या खात्याचा संग्रह उतरवून घेणें अधिक सोयीचें.

येथें एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. कांहीं आज्ञावली मजकूर केवळ दाखवितात. ती शेजारच्या घराकडे उघडणारी खिडकी होय. शेजारचें घर पडलें कीं खिडकींतून कांहींच दिसत नाहीं. शब्द आणि चित्रें आपल्या सर्व्हरवर उतरवून ठेवणारी आज्ञावली हीच खरी वही.

स्वतःचें घर म्हटलें कीं केरवाराही आला. नांवाचें वार्षिक शुल्क, सर्व्हरचें भाडें, आज्ञावलीच्या सुधारणा आणि दुसऱ्या ठिकाणीं ठेवलेली प्रत, यांची आठवण ठेवावी लागते. शिष्टाचारही सुटत नाहीं. मालिकेखालीं इतरांनीं दिलेलीं उत्तरें त्यांच्या मालकीचीं असतात. तीं विचारल्यावांचून घेऊं नयेत, आणि कोणी आपले शब्द मागें घेतले तर आपल्या प्रतींतूनही तीं काढावींत.

म्हणजे चव्हाट्यावर बोलूंच नये, असें नाहीं. श्रोते तेथेंच भेटतात. बोलावें अवश्य, पण बोललेल्याची एक प्रत सायंकाळीं आपल्या घरीं आणून ठेवावी.