एकदा लिहावे, वारंवार वापरावे

इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात ६ मे १९४९ रोजी ‘एडसॅक’ हा संगणक प्रथम चालू झाला. यंत्र उभे राहिले म्हणजे अवघड भाग संपला, ही समजूत मात्र लवकरच फोल ठरली. प्रकल्पाचे प्रमुख मॉरिस विल्क्स यांच्या १२६ ओळींच्या एका आज्ञावलीत सुमारे २० चुका निघाल्या. आयुष्याचा बराचसा काळ आता स्वतःच्याच चुका शोधण्यात जाणार, ही जाणीव त्यांना त्याच वर्षी झाली.

वर्गमूळ काढणे, भागाकार करणे, उत्तर छापणे ही कामे बहुतेक आज्ञावलींत येतात. ती दर वेळी नव्याने का लिहावीत? विल्क्स यांचे तरुण सहकारी डेव्हिड व्हीलर यांच्या पुढाकाराने अशा कामांच्या लहान उपआज्ञावली तयार झाल्या. त्या कसून तपासून छिद्रित कागदी फितींवर उतरविण्यात आल्या व कपाटात रचून ठेवण्यात आल्या. ज्यास जी हवी त्याने ती फीत काढावी, यंत्राने तिची नक्कल आपल्या फितीवर घ्यावी आणि मूळ फीत जागेवर ठेवावी, असा शिरस्ता पडला. १९५१ पर्यंत हा संग्रह ८७ उपआज्ञावलींचा झाला होता. एक अडचण मोठी गमतीची होती. काम संपल्यावर उपआज्ञावलीने परतावे कोठे? तिला बोलावणारे तर दर वेळी निराळे! व्हीलर यांनी अशी युक्ती योजिली की, बोलावणाऱ्याने निघतानाच आपला पत्ता मागे ठेवावा. त्यावरून परतीची आज्ञा उपआज्ञावली स्वतःच तयार करी.

आज कागदी फीत गेली, पण रीत तीच आहे. मात्र तयार तुकडा उचलताना त्यातील गृहीतके पाहिली जातातच असे नाही. चाराने भाग जाणारे वर्ष लीप, एवढेच सांगणारी एक ओळ १९०१ पासून २०९९ पर्यंत बिनचूक चालेल आणि २१०० साली चुकेल. कारण शतकाच्या वर्षास ४०० ने भाग जावा लागतो. ही मर्यादा त्या ओळीशेजारी लिहून ठेवण्यास कितीसे श्रम पडतात?

४ जून १९९६ रोजी युरोपचे ‘एरियान ५’ हे अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. त्यातील आज्ञावलीचा एक भाग ‘एरियान ४’ वरून जसाच्या तसा घेतलेला होता. जुन्या बाणाचा आडवा वेग कमी असल्याने तेथे एक संख्या १६ बिटांत सहज मावत असे. नव्या बाणाच्या वेगाने ती मावली नाही, आणि दिशादर्शक यंत्रणा बंद पडली. चौकशीत आणखी एक गोष्ट उघड झाली. नव्या बाणास उड्डाणानंतर त्या भागाची गरजच नव्हती.