एकोणतीसचा पाढा

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



परदेशातला एखादा अनुभव सांग, असा संयोजकांचा हुकूम आहे. माझं परदेश म्हणजे पंप बसवायला जाणं. त्यात सांगण्यासारखी एकच दुपार आहे, आणि तीही फारशी अभिमानाची नाही.

2012 साली कामासाठी जोहान्सबर्गला होतो. रविवारी कॉन्स्टिट्यूशन हिल बघायला गेलो. हा पूर्वीचा तुरुंग. 1908 मध्ये गांधीजी इथे कैदेत होते, पुढे मंडेलाही. आता तिथे देशाचं घटना न्यायालय आहे आणि पाडलेल्या तुरुंगाच्याच विटा त्याच्या भिंतीत वापरल्या आहेत. बघून भारावलो होतो. त्या तंद्रीत टॅक्सी न बोलावता चालत निघालो. फाटकावरचा रखवालदार म्हणाला, "रोबोपाशी उजवीकडे वळा." मी रोबो शोधत राहिलो! तिथे सिग्नलला रोबो म्हणतात, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

मी सरळ गेलो तो हिलब्रोमध्ये. एकेकाळची ही ऐटबाज वस्ती. उंच उंच इमारती आजही आहेत, पण कितीतरी खिडक्यांना काचा नाहीत, आणि एकेका खोलीत कुटुंबंच्या कुटुंबं. झिंबाब्वे, काँगो, नायजेरियातून पोटासाठी आलेली माणसं. पलीकडे पाँटे नावाची पन्नासहून जास्त मजल्यांची गोल इमारत दिसते, आतून विहिरीसारखी पोकळ. या भागात पायी फिरू नका, असं हॉटेलवाल्यांनी बजावलं होतं. मी काय केलं? चौकात उभं राहून नकाशा बघायला मोबाईल बाहेर काढला.

दोन पोरं दोन बाजूंनी आली. एकाचा हात खिशात होता. खिशात काय होतं, देव जाणे. छातीत धडधडायला लागलं, पळावंसं वाटलं. आणि खोटं नाही सांगत सर, त्या क्षणी मला तुमचा एकोणतीसचा पाढा आठवला. दुणे अठ्ठावन्न, त्रिक सत्त्याऐंशी... पाढा चुकू नये म्हणून श्वास आपोआप सावकाश झाला. दोन्ही हात दिसतील असे पुढे धरले. मोबाईल दिला, पाकिटातले रँड दिले. नजर रोखली नाही, हुज्जत घातली नाही. अर्ध्या मिनिटात ती गेली. पासपोर्ट हॉटेलात होता, ही एवढीच माझी अक्कल. (सहाला अडकलो होतो. अजूनही अडकतो.)

पाय मात्र नंतर लटपटले. फुटपाथवर एक आजी कणसं भाजत होती. तिने क्रेट पुढे सरकवला, बस म्हणाली, पाणी दिलं. तिच्याही गल्ल्यावर असे हात पडले होते म्हणे, एकदा नव्हे, अनेकदा. मी तासाभरासाठी चुकून आलेला पाहुणा. ती रोज पहाटे तिथेच चूल पेटवणार. मग तिने नातवाला हाक मारली आणि मला फाटकापर्यंत सोडून यायला सांगितलं.

आता जे सांगतो ते घरीसुद्धा फारसं सांगितलेलं नाही. चोरांसमोर शांत राहिलेला मी, त्या पोराबरोबर चालताना पूर्ण वेळ आतल्या खिशावर हात दाबून होतो. तिथे शंभराची एक नोट उरली होती. तोही सोळा-सतरा वर्षांचाच, तशीच टोपी, तसेच बूट. त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. बोलला काही नाही. रस्त्याच्या पलीकडच्या कडेला गेला आणि तिथून, माझ्या बरोबरीने, फाटकापर्यंत चालत राहिला.

फाटकाशी मी ती नोट काढून त्याच्यापुढे धरली. त्याने मान हलवली, "शार्प" म्हणाला, म्हणजे ठीक आहे, आणि वळून गेला. त्याचं नावही मी विचारलं नव्हतं.