घाट चढण्यापूर्वीं

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेली मोटार नीरा नदी ओलांडून शिरवळास येते. पुढें खंडाळा मागें पडलें कीं खंबाटकीचा घाट लागतो. सपाटीवर झांकलेला दोष या चढावर उघडा पडतो: इंजिन गर्जतें, पण मोटारीचा वेग वाढत नाहीं, आणि जळका वास सुटतो. गिअरबॉक्सच गेला, असें पुष्कळांस वाटतें. वास्तविक दोष बहुधा त्याच्या अलीकडे, क्लचमध्यें असतो. क्लचप्लेटची पकड सुटली म्हणजे इंजिनची शक्ति चाकांपर्यंत न पोंचतां घर्षणांत जळून जाते.

शंका आल्यास शिरवळासच परीक्षा करावी. सपाट, मोकळ्या जागीं हातब्रेक घट्ट ओढावा, वरचा गिअर घालावा आणि क्लचचें पेडल हळूहळू सोडावें. इंजिन बंद पडलें तर पकड शाबूत आहे. चालूच राहिलें तर क्लच घसरतो. ही परीक्षा वारंवार करूं नये, प्लेट तापते.

उपाय स्वस्ताकडून महागाकडे जावा. केबलचा क्लच असल्यास पेडलास थोडी मोकळी चाल हवी. ती नसेल तर मिस्त्रीकडून केबल सैल करून घ्यावी. तेवढ्यानें न भागल्यास गिअरबॉक्स उतरवावा लागतो. प्लेटवर तेल आलें असेल तर गळकें सील बदलल्यावांचून नवी प्लेटहि टिकत नाहीं.

पेडलावर पाय ठेवूनच मोटार हांकण्याची संवय मात्र कोणताहि मिस्त्री दुरुस्त करूं शकत नाहीं. घाटांत बंद पडलेली एक मोटार मागच्या साऱ्यांची वाट अडविते.