शिंगरांचे जंत

पावसाळ्यात कुरण हिरवे होते आणि घोड्यांच्या जंतांचीही सुगी सुरू होते. लिदीतील अंड्यांतून ऊबदार ओलाव्यात अळ्या निघतात, गवताच्या पात्यांवर चढतात आणि चाऱ्याबरोबर पोटात जातात. यावर सर्व घोड्यांना सरसकट औषध पाजण्याची रीत पडली. १९६६ साली अमेरिकेत केंटकीच्या ड्रज व लायन्स या संशोधकांनी दर ६ ते ८ आठवड्यांचा क्रम सांगितला. आतड्याच्या रोहिणीत शिरून जीवघेणा पोटशूळ उठविणारा मोठा जंत त्याने पुष्कळ हटला. लहान जंत मात्र औषधांना सरावले. म्हणून आता आधी लीद तपासून अंडी मोजतात आणि ज्या घोड्यात ती फार, त्यालाच अधिक मात्रा देतात.

शिंगरांची गोष्ट निराळी. सहा महिन्यांच्या आतल्या शिंगराला लांब पांढरा गोल जंत छळतो. पोट सुटते, अंग खंगते, केस राठ होतात. पहिली मात्रा दोन-तीन महिन्यांच्या वयात द्यावी, पण पशुवैद्याला विचारूनच. इव्हरमेक्टिन हे नामांकित औषध या जंतावर अनेक ठिकाणी चालेनासे झाले आहे. शिवाय पोटात जंत फार असले आणि ते एकदम मेले, तर आतडे तुंबून शिंगरू हातचे जाते.

या जंताची अंडी जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात. तेव्हा जाणता मोतद्दार आठवड्यातून दोनदा कुरणातील लीद उचलतो, आणि गेल्या साली शिंगरे चरली त्या तुकड्यात यंदाची सोडीत नाही.