निवृत्तीनंतरचा दिवस : सायकल आणि परसबाग

(सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या शासकीय कर्मचाऱ्यांसमोर पणजी येथे प्रसिद्धी अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर.)



निवृत्तिवेतन, उपदान आणि शिल्लक अर्जित रजेचे रोखीकरण या विषयांची माहिती लेखा विभागाच्या अधिकाऱ्यांनी आपणांस यापूर्वीच दिली आहे. त्यानंतर उभे राहणाऱ्या वक्त्याकडे श्रोत्यांचे लक्ष थोडे कमी असते, याची मला जाणीव आहे. शिवाय माझ्या सेवेची अजून बरीच वर्षे शिल्लक असल्यामुळे निवृत्तीविषयी अनुभवाच्या अधिकाराने मी बोलू शकत नाही. मात्र प्रसिद्धीच्या कामात असल्यामुळे निरोपसमारंभांना उपस्थित राहणे आणि त्यांची वृत्ते लिहिणे हे काम वर्षानुवर्षे माझ्या वाट्याला आले. शाल, श्रीफळ आणि ‘उर्वरित आयुष्य सुखासमाधानाचे जावो’ ही सदिच्छा, असा त्या समारंभाचा क्रम ठरलेला असतो. श्रीफळाचे पुढे काय करावयाचे हे घरी सर्वांना ठाऊक असते. उर्वरित आयुष्याचे काय करावयाचे, याविषयी मात्र व्यासपीठावरून सहसा कोणी बोलत नाही.

निवृत्त होणाऱ्या माणसाजवळ वेळ उदंड असतो, तेव्हा प्रश्न केवळ वेळ घालविण्याचा आहे, असा एक समज आहे. मला तो अपुरा वाटतो. तीस-पस्तीस वर्षे कचेरीने आपल्या दिवसाला कणा दिलेला असतो. अमुक वाजता आपण तेथे पोहोचलो नाही तर कोणाचे तरी काम अडते, ही भावना कितीही त्रासदायक असली तरी तीच आपणांस उठवते, दाढी करावयास लावते, घराबाहेर काढते. ती गेल्यावर पहिले दोन महिने गोड जातात. तीर्थयात्रा होतात, राहिलेल्या भेटीगाठी होतात. मग दूरध्वनी वाजेनासा होतो. वर्तमानपत्र तिसऱ्यांदा वाचले जाते आणि साहेबांची तपासणीची दृष्टी स्वयंपाकघरातील डब्यांकडे वळते. घरच्या गृहिणीला कोणत्याही नियमाखाली निवृत्ती नसते. तिच्या कामात हा नवा निरीक्षक येऊन उभा राहिला, की दोघांचेही दिवस जड होतात. ज्या भगिनी स्वतः नोकरीतून निवृत्त होत आहेत त्यांची स्थिती तर याहून बिकट. एक कचेरी सुटली, तरी दुसरी घरी वाट पाहत असते.

वाचन, भजन, नाटक, लेखन हे सारे उत्तमच आहे. तथापि या गोष्टी उद्यावर ढकलता येतात, आणि ढकलण्याचा सराव आपणां शासकीय माणसांना भरपूर आहे. दुपारी पाणी न मिळालेले मिरचीचे रोप संध्याकाळी मान टाकते. त्याच्यावर ‘चर्चा करावी’ असा शेरा मारता येत नाही. ज्याची वाट दुसरा कोणी जीव पाहतो आहे असे काम, आणि घराबाहेर नेणारे एक वाहन, या दोन गोष्टी मी आपणांसमोर ठेवीत आहे.

प्रथम सायकल. साठीनंतर सायकल म्हणजे पोरखेळ, असे म्हणणाऱ्यांनी टॉलस्टॉयचे उदाहरण आठवावे. आपल्या सर्वांत धाकट्या मुलाच्या मृत्यूनंतर थोड्याच काळाने, १८९५ साली, सदुसष्टीच्या उंबरठ्यावर असताना हा थोर लेखक सायकल शिकला. रोबेर मार्शां हे फ्रेंच गृहस्थ तर तरुणपणी सुटलेल्या सायकलकडे सदुसष्टाव्या वर्षी पुन्हा वळले. शंभरी गाठल्यावर २०१२ साली त्यांनी एका तासात चोवीस किलोमीटरहून थोडे अधिक अंतर काटले आणि २०१४ साली, त्याहून दोन वर्षांनी म्हातारे झालेले असताना, सुमारे सत्तावीस! मधल्या काळात त्यांच्या सरावाला शरीरशास्त्रज्ञांचे मार्गदर्शन होते. २०२१ साली वयाच्या १०९ व्या वर्षी ते वारले. इंग्लंडमधील संशोधकांनी ५५ ते ७९ वर्षे वयाच्या १२५ हौशी सायकलपटूंची तपासणी करून २०१८ साली असे दाखविले, की त्यांच्या स्नायूंची व रोगप्रतिकारक पेशींची स्थिती त्यांच्या वयाच्या मानाने लक्षणीय चांगली होती. अर्थात ही मंडळी आयुष्यभर सायकल चालविणारी होती. साठीत प्रारंभ करणाऱ्याला तेवढाच लाभ होईल, असे त्यावरून म्हणता येणार नाही. पण इतक्या दूर जाण्याचीही आवश्यकता नाही. पहाटे भोंपू वाजवीत, टोपलीत ऊन ऊन पाव घेऊन येणारा आपला पोदेर आजही सायकलनेच गाव पालथा घालतो.

सायकल घेताना उपदानाची रक्कम हाती पडताच महागडी, शर्यतीची सायकल आणू नये. मधला दांडा खाली असलेली, चढउतार सोपी असलेली, गिअरची साधी सायकल आपणांस पुरे. बैठकीची उंची अशी ठेवावी, की टाच खालच्या पायडलवर टेकली असता गुडघा सरळ व्हावा. मग चवड्याने पायडल मारताना तो किंचित वाकलेला राहतो आणि दुखत नाही. रक्तदाब, हृदय आणि दृष्टी यांची तपासणी आधी करून घ्यावी. शिरस्त्राण, घंटी आणि मागचे दिसणारा आरसा यांची लाज बाळगू नये. महामार्ग टाळावा. सकाळी सातच्या आत निघून जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडीला उतरलात, तर खाजन शेतांच्या मधून जाणारा सपाट रस्ता लाभतो. तेथे पहिल्या महिन्यात पंधरा-वीस मिनिटांपेक्षा अधिक हौस करू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला. त्या उद्दिष्टाला सावकाश पोहोचले तरी चालते, तेथे वर्षअखेरीचा अहवाल मागविला जात नाही.

सायकलीत एक उणीव आहे. तिच्यावर शरीराचा भार बैठक पेलते. त्यामुळे पायांना दम येतो, पण चालण्याने किंवा ओझे उचलण्याने हाडांना जे बळ मिळते, ते तिच्याने मिळत नाही. ती उणीव बाग भरून काढते. वाफा खणणे, पाण्याची कळशी उचलणे, उकिडवे बसून उठणे या कामांत तो भार आपसूक येतो. आपल्या भूमीतील ऋतूंनीही या दोहोंची वाटणी करून ठेवली आहे. मृगापासून चार महिने रस्ते निसरडे असतात. तेव्हा सायकलच्या साखळीला तेल देऊन ती पडवीत ठेवावी, कारण त्याच दिवसांत बाग माणसाला उसंत देत नाही. जूनच्या आरंभी तवशी, दोडकी, घोसाळी, पडवळ यांचे बी पेरले, की ते वेल चवथीपर्यंत फळांवर येतात. बाजारातून विकत आणलेली माटोळी आणि आपल्या मांडवावरचे तवसे जिच्यात टांगले आहे ती माटोळी, यांतील भेद घरातील लहान मूलसुद्धा ओळखते. पाऊस ओसरल्यावर वायंगणाच्या दिवसांत तांबडी भाजी, मुळा, नवलकोल, वांगी, मिरची. तांबडी भाजी महिन्याभरात काढता येते. उतावळ्या माणसाने आरंभ तिच्यापासून करावा. सदनिकेत राहणाऱ्यांना गच्चीवर किंवा सज्जात कुंड्यांतही ती घेता येते.

आपली जांभ्याची माती आम्ल असते आणि पावसात तिचा कस वाहून जातो. म्हणून पालापाचोळा जाळू नये, खड्ड्यात कुजवावा. माडाच्या बुंध्याभोवती नारळाची सोडणे उपडी मांडली, तर ओल टिकते. पाचोळ्यात हात घालण्यापूर्वी काठीने तो हलवून पाहावा. तेथे आपल्याआधी कोणी राहावयास आलेले असू शकते. धनुर्वाताची लस घ्यावी आणि पावसाळ्यात अनवाणी चिखलात उतरू नये.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय स्वीकारला, ती सांगतो. येथे बसलेल्यांपैकी अनेकांचे मूळ घर फोंडा, सत्तरी, सांगे, काणकोण अशा तालुक्यांत आहे आणि त्या घरामागे एक कुळागर आहे. पोफळी, माड, पोफळींवर चढविलेल्या मिरवेली, खाली केळी आणि अननस. झरीचे पाणी पाटाने कोणत्या क्रमाने फिरवावयाचे, पावसापूर्वी बोर्डो मिश्रणाची फवारणी न केल्यास कोळेरोगाने सुपारी कशी गळते, मिरवेलीचे कोणते कांड लावावयाचे, हे आपण वडिलांच्या पाठोपाठ हिंडताना पाहिलेले आहे. आपल्या मुलांनी ते पाहिलेले नाही. ती पणजीत, पुण्यात किंवा आखातात वाढली. पाडेली मिळत नाही, मजूर परवडत नाही, म्हणून पाट बुजत चालले आहेत. कोणत्या दाखल्यात न नोंदलेले हे ज्ञान ज्यांच्या स्मरणात आहे, अशी कदाचित ही शेवटची पिढी या सभागृहात बसली आहे. आपण शुक्रवारी संध्याकाळी गावी गेलात, तेथे एक सायकल ठेवलीत, आणि नातवाला मागे बसवून पाटापर्यंत नेलेत, तर एवढ्याने कुळागर वाचेलच असे नाही. पण पाट कोठून येतो, हे त्याला कळेल.

साठीत लावलेला उंच जातीचा माड साधारण सहा-सात वर्षांनी धरतो, म्हणजे पुन्हा आपली सदुसष्टीच आली. खड्डा लांबी, रुंदी व खोलीला एकेक मीटर असावा. रोपांसाठी जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, आणि तालुक्यातील विभागीय कृषी कार्यालय आहेच. तेथे रांगेत उभे राहताना आपण कालपर्यंत कोणत्या हुद्द्यावर होतो, हे सांगू नये. सल्ला अधिक मोकळेपणाने मिळतो.

जन्मतारखेच्या रकान्यात १ जून असलेली मंडळी आपल्याकडे कमी नाहीत. नियमानुसार ती ३१ मे रोजी निवृत्त होतात. त्यांना माझे एवढेच सांगणे, की निरोपसमारंभ शक्यतो सकाळी आटोपून घ्यावा. रोहिणी नक्षत्र चालू असते, वाफे भुसभुशीत करून ठेवावयाचे असतात, आणि पाऊस कोणाच्या सोयीसाठी थांबत नाही.